पन्नास मीटर आणि एक तास : शाळांना जाहीर इशारा

मुख्याध्यापक, संस्थाचालक, शाळा व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष, पालक-शिक्षक संघांचे पदाधिकारी, महापालिकांचे प्रभाग अधिकारी, अन्न व औषध प्रशासनाचे अन्न सुरक्षा अधिकारी आणि शाळेच्या फाटकाशी मुलांचे खिसे रिकामे करून घेणाऱ्या कंपन्यांचे वितरक, या सगळ्यांना हा जाहीर इशारा आहे. मुदत १४ ऑगस्ट. जूनमध्ये शाळा उघडतील, तिथून दोन महिने हातात आहेत. त्यानंतर निवेदनं, चर्चासत्रं, पोस्टर स्पर्धा यांत आम्ही पालक वेळ घालवणार नाही. काय करणार ते शेवटी लिहिलं आहे. घाईत असणाऱ्यांनी आधी तेच वाचलं तरी चालेल.

आरोप काय आहे ते आधी नीट ऐका. १९९० साली भारतात ५ ते १९ वयाची लठ्ठ मुलं साधारण चार लाख होती. २०२२ साली ती सव्वा कोटी झाली. जगभरच्या संशोधकांनी मिळून केलेला हा हिशेब २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. बत्तीस वर्षांत तीसपट. देशाची लोकसंख्या तीसपट वाढलेली नाही आणि आपली जनुकंही एका पिढीत पालटलेली नाहीत. मग मुलंच एकाएकी खादाड आणि आळशी निपजू लागली का? स्नेहसंमेलनाच्या भाषणांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आपण तेच सांगत असतो. ‘हल्लीची मुलं!’ असा उसासा टाकला की मोठ्यांची जबाबदारी संपते. पण तेरा वर्षांचं पोर शाळेचं वेळापत्रक आखत नाही, कँटीनचा ठेका देत नाही, मैदान मांडववाल्याला भाड्याने देत नाही. हे सगळं आपण करतो आणि वजनकाट्यावर उभं मात्र त्याला करतो.

केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात देशभरातल्या मुलांच्या पोषणाची मोठी पाहणी केली. त्यात रक्ताचे नमुनेही घेतले होते. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींत दर दहा जणांमागे एक जण मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभा असल्याचं त्यात दिसलं. तुमच्या आठवी ‘ब’मध्ये साठ मुलं असतील, तर सरासरीने त्यांतली सहा. त्याच पाहणीत याच वयाची जवळजवळ चौथाई मुलं गरजेपेक्षा बारीक निघाली. एकाच बाकावर एक हडकुळी आणि एक लठ्ठ पोर शेजारी बसलेली असतात, आणि दोघांच्या डब्यात तीच नूडल्स असतात.

ही मुलं ओळखूच येत नाहीत असं म्हणू नका. बऱ्याच जणांच्या मानेमागे, कॉलरच्या वर, कातडीची काळपट, जाडसर घडी पडलेली असते. काखेतही तसाच पट्टा असतो. आईला वाटतं, मळ आहे. मग रविवारी न्हाणीघरात बेसन लावून, घासणीने चोळून मान लाल केली जाते. पोरगी रडते. सोमवारी पट्टा जागच्या जागी. तो मळ नसतोच. शरीर नेहमीपेक्षा जास्त इन्सुलिन तयार करतंय आणि तरी ते पुरं पडत नाही, याची ती खूण असते. वेण्या रिबिनींनी वर बांधलेल्या असल्यामुळे मागच्या बाकावरून फिरणाऱ्या बाईंना ती रोज दिसते. त्यांनी आजवर किती आयांना ‘एकदा डॉक्टरांना दाखवा’ म्हणून सांगितलं? सांगायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलं का? आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात २०२० पासून प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करायचं ठरलं आहे. तुमच्या शाळेतले ते दोघं कोण, हे पालकसभेत विचारून बघा. बहुतेक ठिकाणी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतील.

पुढे काय वाढून ठेवलं आहे, तेही ऐकून घ्या. दहा ते सतरा या वयात टाइप-टू मधुमेह झालेल्या मुलांचा अमेरिकेत वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला आणि २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ती मुलं सरासरी सव्वीस वर्षांची झाली तोवर त्यांतल्या साठ टक्क्यांना मूत्रपिंड, डोळे किंवा नसा यांपैकी निदान एक दुखणं जडलं होतं. सव्वीस म्हणजे आपल्याकडे नोकरी लागण्याचं आणि लग्न जमवण्याचं वय. आजोबांना साठीत होणारे आजार नातवाला पंचविशीत होणार असतील, तर शाळेच्या शंभर टक्के निकालाच्या पाट्या चौकात लावून काय साधलं?

‘आमचं पोर कुठे लठ्ठ आहे?’ म्हणून हात झटकणाऱ्यांनी पुण्याशी जोडलेली एक गोष्ट लक्षात ठेवावी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन तंतोतंत सारखं, बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा चांगलीच हलकी. पण स्नायू कमी असूनही कातडीखालची चरबी त्यांनी राखून ठेवलेली. बाहेरून बारीक, आतून चरबीदार, अशी आपली ठेवण आहे. म्हणूनच आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ च्या वाढीच्या तक्त्यांत मोठेपणीच्या २३ आणि २७ या बीएमआयशी जुळणाऱ्या रेषा धोक्याच्या मानल्या. परदेशी तक्त्यातले २५ आणि ३० आपल्याला लागू पडत नाहीत. ज्यांना तक्ता वाचता येत नाही त्यांनी पोराच्या उंचीएवढी सुतळी कापावी, मधोमध दुमडावी आणि कंबरेभोवती गुंडाळून बघावी. टोकं जुळली नाहीत, तर पोट उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. मग ‘खात्यापित्या घरचं आहे’ हे कौतुक आवरतं घ्यावं.

आता मुद्द्याचं. १ जुलै २०२१ पासून देशभर अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा एक नियम लागू आहे. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून कोणत्याही दिशेला पन्नास मीटरच्या आत संपृक्त चरबी, ट्रान्स फॅट, वरून घातलेली साखर किंवा मीठ जास्त असलेले पदार्थ विकायचे नाहीत, फुकट वाटायचे नाहीत, त्यांची जाहिरात करायची नाही. तसं बजावणारा फलक शाळेने फाटकावर लावायचा. त्याच्याही आधी, मे २०१७ मध्ये, महाराष्ट्र सरकारने शाळांच्या उपाहारगृहांतून वेफर्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, केक आणि शीतपेयं हद्दपार करणारा शासन निर्णय काढला होता. त्याऐवजी पोळी, खिचडी, इडली, नारळपाणी असे पदार्थ ठेवा म्हणून सुचवलं होतं. म्हणजे कायदा नाही ही सबब कुणालाच नाही. कागद आहेत, शिक्के आहेत, परिपत्रकाच्या फायलीला दोरी बांधलेली आहे. आपापल्या शाळेच्या फाटकाशी जाऊन तो फलक तेवढा शोधा.

पन्नास मीटर म्हणजे फाटकाला पाठ लावून साधारण सत्तर पावलं. चालून बघा. स्टेशनरीच्या दुकानात वह्यांच्या पुढ्यात लटकणाऱ्या पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा. पिवळ्या नळ्यांच्या पिशव्या. चायनीज भेळेची गाडी आणि तिच्यावर लालभडक शेजवान चटणीची बरणी. फ्रीजच्या काचेमागे रंगीत बाटल्या. कोपऱ्यावरच्या कढईत सकाळपासून तेच तेल, दुपारपर्यंत त्याचा रंग चहासारखा होतो. मधली सुट्टी कधी होते हे कढईवाल्याला शाळेच्या शिपायाइतकंच पक्कं ठाऊक असतं. घंटेच्या दहा मिनिटं आधी पहिला घाणा उतरतो. वडापाव या नियमात बसतो की नाही यावर तासभर वाद घालता येईल आणि तसा वाद घालणारे हौशी लोक प्रत्येक सभेत असतातच. घाला. पण पाकिटातल्या तळलेल्या खारट वेफर्सबद्दल आणि बाटलीतल्या साखरपाण्याबद्दल वादाला जागा नाही. अडीचशे मिलिलिटरच्या एका बाटलीत साधारण २५ ग्रॅम साखर असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादाच तेवढी आहे. मधल्या सुट्टीतच दिवसाचा कोटा संपतो.

तंबाखूसाठी शंभर यार्डांचा कायदा आहे आणि रस्त्यावर पिवळी रेषा मारायची असते, हे शाळांना माहीत आहे. कित्येकांनी ती मारलीही आहे. मग पन्नास मीटरची दुसरी रेषा मारायला कुणाचा हात धरला आहे? रंगाचा एक डबा, एक ब्रश, एक मापाची फीत. एवढ्यासाठी मंत्रालयातून आदेश यायची वाट बघायची?

एक गोष्ट मात्र आत्ताच बजावून ठेवतो. या नियमाच्या नावाखाली महापालिकेच्या अतिक्रमणाच्या गाडीने एखाद्या बाईची टोपली उचलली, तर तिच्या बाजूनेही आम्हीच उभे राहू. शाळेबाहेर बोरं, चिंचा, आवळे, पेरूच्या फोडी, उकडलेल्या शेंगा, भाजलेलं कणीस विकणाऱ्या बायका ही आपल्या शाळांची जुनी सोय होती. (फोडीवर मीठ थोडं कमी भुरभुरा, इतकंच त्यांना सांगायचं.) पाकिटांच्या माळांनी त्यांना फाटकापासून हुसकलं. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ पासून आहे, त्याखाली नगर पथविक्रेता समित्या आहेत. त्यांनी शाळेच्या फाटकाजवळची जागा अशा विक्रेत्यांसाठी राखावी. चायनीज भेळवाल्यालाही पर्याय द्या. त्याला पोट आहे, त्याचीही पोरं कुठल्या तरी शाळेत जातात.

बाहेरच्या गाडीवाल्याकडे बोट दाखवणं सोपं असतं, म्हणून आता आत येऊ. कँटीनचा ठेका कसा जातो? ज्याच्या भाड्याचा आकडा मोठा, त्याला. मग तो भाडं कुठून काढणार, ताक विकून? संस्थेला हे कळत नाही असं थोडंच आहे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण इथे लावायला मी तयार नाही. इथे दळणाऱ्याचे डोळे चांगले उघडे आहेत, पिठातला वाटा त्यालाही मिळतो. क्रीडा महोत्सवाच्या कमानीवर शीतपेयाचं नाव झळकतं, धावण्यात पहिल्या आलेल्या मुलाच्या हातात बक्षीस म्हणून चॉकलेटचा डबा दिला जातो. साठ मुलांच्या वर्गात सरासरी दर सहा दिवसांनी कुणाचा तरी वाढदिवस येतो आणि दर वाढदिवसाला वर्गभर चॉकलेटं वाटली जातात. यात आपण पालक नामानिराळे नाही. शेजारणीच्या पोराने डेअरीतली महागडी चॉकलेटं वाटली म्हणून आपल्याने केक वाटलाच पाहिजे, ही चढाओढ आपलीच. वाढदिवसाला वर्गाच्या पेटीत एक पुस्तक टाका आणि गाणं म्हणा. कुणी उपाशी मरणार नाही.

मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. चार ते दहा वयाची मुलं दिवसाच्या उष्मांकांपैकी १३ टक्के आणि अकरा ते अठरा वयाची १५ टक्के उष्मांक साखरेतून घेतात, मर्यादा ५ टक्क्यांची हवी, असं त्या परिपत्रकातच म्हटलं होतं. फलक लागले, चांगलं झालं. मुलांनी त्यावर चमच्यांची चित्रंही सुरेख काढली. पण ज्या भिंतीवर कुठल्या बाटलीत किती चमचे साखर हे टांगलं आहे त्याच भिंतीला टेकलेल्या फ्रीजमध्ये ती बाटली विकायला असेल, तर मुलं त्यातून शिकायचं ते बरोबर शिकतात: मोठी माणसं भिंतीवर एक लिहितात आणि गल्ल्यावर दुसरं करतात.

सरकारलाही सोडायचं कारण नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. शीतपेयांवर ४० टक्के ठेवले, ठीक. पण त्याच दिवशी बिस्किटं, चॉकलेटं, फरसाण आणि झटपट नूडल्स ५ टक्क्यांवर उतरली. पाकिटाच्या दर्शनी भागावर धोक्याचा ठळक इशारा छापावा हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तज्ज्ञांच्या शिफारशींसाठी तीन महिने दिले, जुलैत ते आणखी तीन महिन्यांनी वाढले. चिलीने २०१६ पासून असे काळे अष्टकोन छापायला लावले आहेत. आणि इकडे महाराष्ट्रात शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायला नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरुवात झाली, ती जानेवारी २०२५ मध्ये निधी थांबवून गुंडाळली गेली. हवं असेल तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकवर्गणीतून द्यावं म्हणे. सहावी ते आठवीच्या मुलाला या आहारातून ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत असा दंडक आहे. उष्मांक तांदळाने भरून निघतात, प्रथिनांच्या नावाने पातळ आमटी. नववीत गेलं की तेही बंद, कारण योजना आठवीपर्यंतच. भूक सगळ्यात जास्त असते त्या वयात, दुपारी दोन वाजता, त्या पोराच्या हातात पाच रुपये असतात. तो ते कुठे खर्च करणार?

हा झाला खाण्याचा भाग. दुसरा भाग तासाचा, आणि त्याबद्दल मला जास्त राग आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज निदान साठ मिनिटं अंग मोडून हालचाल करावी, धाप लागेल अशी. आपल्या शाळांत आठवड्यातून जे दोन-तीन पी.टी.चे तास वेळापत्रकात असतात त्यांचं काय होतं ते प्रत्येक मुलाला विचारा. ‘आज पी.टी. नाही, गणिताचा पोर्शन राहिलाय.’ डिसेंबरनंतर ते तास नावालाही उरत नाहीत. दहावीचं वर्ष तर नववीच्या एप्रिलमध्येच सुरू होतं. पहाटे क्लास, मग व्हॅन, मग शाळा, पुन्हा व्हॅन, पुन्हा क्लास, रात्री साडेआठला घर, जेवून पुन्हा पुस्तक. झोप सहा तास. हे पोर दिवसभरात चालतं किती? व्हॅनपासून जिन्यापर्यंत. आणि याच मुलाला आपण विचारतो की मोबाईल का बघत बसतोस! क्लासवाल्यांनी फीबरोबर मुलांचं मैदान विकत घेतलं आणि आपण पावती घेऊन खुशीत घरी आलो.

मैदान तरी कुठे आहे? शिक्षण हक्क कायद्याच्या २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला खेळाचं मैदान सांगितलेलं आहे. कागदावर ते असतं. प्रत्यक्षात त्याच्या एका बाजूला विश्वस्तांच्या गाड्या, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतीची वाळू, मधल्या जागेत पेव्हर ब्लॉक, आणि लग्नसराईत त्यावर मांडव. अलीकडे नवं निघालं आहे: मैदानावर हिरवं टर्फ टाकायचं, जाळी लावायची आणि संध्याकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत तासाच्या दराने आयटीवाल्यांना भाड्याने द्यायचं. शाळेच्या पोरांनी जाळीबाहेर उभं राहून बघायचं.

जागा नाही म्हणणाऱ्यांना सांगतो, खो-खोला सुमारे सत्तावीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद एवढंच मैदान लागतं आणि दोन खांब. बॅट नको, बूट नकोत, जाळी नको. दोन्ही संघांचे नऊ-नऊ जण खेळतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिला आणि पुरुष दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्हींचे कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. त्याचे फ्लेक्स लागले. त्या फ्लेक्सखालच्या किती शाळांत आज खो-खोचे खांब रोवलेले आहेत? लंगडी आणि लगोरीला तर खांबही लागत नाहीत.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. पाळी सुरू झाली की ‘आता मोठी झालीस’ म्हणून मैदान सुटतं. पहिल्यांदा आईच बोलावते, मग मैदानावरची टवाळ पोरं उरलेलं काम करतात. सोळाव्या वर्षी पाळी अनियमित, चेहऱ्यावर लव, वजन सत्तरच्या घरात. डॉक्टर पीसीओडी म्हणतात आणि ‘चाला’ असं सांगतात. कुठे चालायचं, अंधारात, गल्लीतल्या कुत्र्यांमधून? शाळेच्या मैदानावर आठवड्यातले निदान तीन दिवस शाळा सुटल्यावर फक्त मुलींसाठी, बाईंच्या देखरेखीत, दिवे लावून राखून ठेवा. वस्तीतल्या मोठ्या मुली आणि आयाही येऊ देत. महापालिकेच्या शाळांची मैदानं संध्याकाळी कुलूपबंद ठेवायची आणि शेजारच्या वस्तीत आरोग्य शिबिर भरवून बीपी तपासायचं, हा उद्योग बंद करा.

वजनाबद्दल एक ताकीद, आणि ती सगळ्यांत कडक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून शाळांत येतं, उंची-वजन घेतं. घ्या, पण पडद्याआड घ्या. आकडा मोठ्याने पुकारू नका. वर्गात ‘ए जाड्या, पुढे ये’ म्हणणारा शिक्षक आणि स्नेहसंमेलनात लठ्ठ मुलालाच गणपती करणाऱ्या बाई, दोघांचीही आता सुटका नाही. चिडवलेलं पोर धावायला जात नाही, ते पी.टी.च्या तासाला आजारी पडतं आणि लपून खातं. उंची, वजन, कंबरेचा घेर आणि मानेवरचा पट्टा यांची नोंद बंद पाकिटात पालकांच्या हाती द्या, सोबत पुढे कुठल्या सरकारी दवाखान्यात जायचं त्याची चिठ्ठी. दर सहा महिन्यांनी. एवढंच.

हे सगळं करून काही होतं का, असं विचारणारे दर सभेत मागच्या रांगेत बसलेले असतात. होतं. दिल्लीत डॉ. अनूप मिश्रा यांच्या गटाने अकरावीच्या मुलांबरोबर सहा महिने काम केलं. व्याख्यानांवर न थांबता कँटीन, डबा आणि व्यक्तिगत सल्ला हे सगळं एकत्र धरलं. २०१० मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले: शीतपेयं कमी झाली, डब्यात फळं दिसू लागली आणि कंबरेचा घेर उतरला. अ‍ॅमस्टरडॅमने २०१२ नंतर शाळांत गोड पेयांऐवजी पाणी ठेवलं आणि वस्त्यांतून खेळ, झोप, स्वयंपाक यांवर एकदम काम केलं. तीन वर्षांत तिथल्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण २१ टक्क्यांवरून साडेअठरावर आलं. मेक्सिकोने मार्च २०२५ पासून देशातल्या सगळ्या शाळांतून पाकिटातलं अरबटचरबट बंद केलं. जिथे नुसती पोस्टर स्पर्धा झाली तिथे पोस्टरं चांगली झाली.

तेव्हा आता मुदतीचं. १४ ऑगस्टपर्यंत प्रत्येक शाळेने फाटकावर फलक लावावा आणि पन्नास मीटरची रेषा मारावी. कँटीनमधली पाकिटं आणि बाटल्या बाहेर काढाव्यात आणि पुढचा ठेका भाड्याच्या आकड्यावर न देता पदार्थांच्या यादीवर द्यावा. यादी पालकांसमोर मंजूर व्हावी. रोज एक तास खेळाचा, दहावीलाही. तो तास दुसऱ्या विषयाला दिल्यास त्या दिवशी हजेरीपटावर तशी नोंद व्हावी, म्हणजे कुणी दिला ते कळेल. मैदान शाळेच्या वेळात आणि नंतर दोन तास मुलांचं. भाड्याचे जे करार झाले असतील ते नोटीसबोर्डावर लावा. दोन आरोग्यदूतांची नावं त्याच बोर्डावर. गावात हे काम शाळा व्यवस्थापन समितीचं आहे, जिच्यात पंचाहत्तर टक्के सभासद पालकच असतात, त्यामुळे ‘शाळा ऐकत नाही’ असं रडगाणं गाणाऱ्या समितीला आम्ही आधी विचारू की तुम्ही ठराव केव्हा केलात. विनाअनुदानित शाळांत ही जबाबदारी पालक-शिक्षक संघाची. क्लासवाल्यांनी नववी-दहावीची बॅच संध्याकाळी साडेसहाच्या आधी सुरू करू नये. ते ऐकणार नाहीत हे मला माहीत आहे. पण त्यांची पोटं आपल्या फीवर चालतात आणि एका सोसायटीतल्या चाळीस पालकांनी मिळून बॅच बदलून मागितली, तर बदलते.

हे झालं नाही, तर काय? १५ ऑगस्टला गावोगाव ग्रामसभा असते. त्या ग्रामसभेत शाळेच्या पन्नास मीटरचा ठराव हात वर करून मांडला जाईल आणि ज्या सरपंचाने तो विषयपत्रिकेवर घेतला नसेल त्याला आयत्या वेळच्या विषयात तो घ्यावा लागेल. शहरात त्याच सकाळी, झेंडावंदन झाल्यावर, पालक फाटकापासून फीत धरून मोजतील, पन्नास मीटरच्या आतल्या प्रत्येक दुकानाचा आणि गाडीचा फोटो काढतील. चेहरे येणार नाहीत, माल येईल. तो फोटो आणि लेखी तक्रार जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (अन्न) यांच्याकडे जाईल, प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. झेंडावंदनानंतर नगरसेवकांच्या नावाने गोळ्या-बिस्किटांचे पुडे वाटले गेले, तर त्याचाही फोटो याच तक्रारीला जोडला जाईल. नगरसेवकांनी शेंगदाण्याचे पुडे आणावेत.

बरोबर माहितीच्या अधिकाराचे अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. अनुदानित शाळांना थेट, विनाअनुदानितांची माहिती शिक्षणाधिकाऱ्यांकडून. प्रश्न पाच: २०२१ नंतर फलक कोणत्या तारखेला लावला, कँटीनच्या ठेक्याची प्रत द्या, मैदान गेल्या तीन वर्षांत कुणाला, किती दिवस, किती भाड्याने दिलं, गेल्या वर्षी खेळाचे तास किती ठरले आणि किती झाले, अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने शाळेच्या पन्नास मीटरची शेवटची तपासणी केव्हा केली. उत्तर टाळलं तर पहिलं अपील, तेही टाळलं तर राज्य माहिती आयोग. आमच्यात दोन वकील आहेत, एक निवृत्त लेखापरीक्षक आहेत आणि त्यांना संध्याकाळी भरपूर वेळ असतो. पुढच्या वर्षीच्या प्रवेशाच्या हंगामात शाळाशाळांची ही उत्तरं सोसायट्यांच्या फलकांवर, मराठीत, शेजारीशेजारी लावली जातील. निकालाच्या टक्केवारीखालीच लावू.

अर्ज सुट्टीनंतरच्या कामाच्या पहिल्या दिवशी, कार्यालय उघडताच दिले जातील. पोच द्यायला शिक्का आणि कारकून जागेवर ठेवावा. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे उत्तर घेऊन कुणी परत जाणार नाही.